एअर ब्रेक: हवा गेली तर ब्रेक सुटायला हवा, मग लागतो काहून?

पूर्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. डिप्लोमा मेकॅनिकलच्या पुस्तकात रेल्वेच्या एअर ब्रेकवर जेमतेम दीड पान आहे. त्यातून उत्तरं मिळण्यापेक्षा प्रश्नच जास्त पडायलेत. इथं कॅरेज-वॅगन आणि लोकोची जाणकार माणसं आहेत, म्हणून विचारते.

कारच्या ब्रेकमधलं ऑइल गळालं तर पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. रेल्वेत उलटं होतं. दोन डब्यांमधला पाइप सुटला की गाडी जागच्या जागी थांबते. ब्रेक हवेच्या दाबानंच लागत असेल तर हवा निघून गेल्यावर दाब येतो कुठून?

दुसरं म्हणजे, डब्यांच्या मध्ये दोन-दोन पाइप दिसतात. एकानं काम भागत नाही का?

तिसरं, इंजिन बदललं की कर्मचारी गाडीच्या कडेकडेनं चालत जातात, प्रत्येक डब्याखाली काहीतरी ओढतात आणि फस्स असा आवाज येतो. ते काय करतात?

आणि शेवटचं. चाकाजवळून धूर आणि जळका वास आला की डब्यातले लोक आग लागली म्हणून ओरडतात. तसं का होतं? नेमके आकडे दिलेत तर फार बरं होईल.

---

पिटलाइन यांचं उत्तर

ताई, तुमचा पहिला प्रश्नच सगळ्या विषयाची किल्ली आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

गाडीभर धावणाऱ्या पाइपातली हवा ब्रेक दाबत नाही. ती फक्त निरोप पोचवते. दाबणारी हवा प्रत्येक डब्याखाली स्वतंत्र टाकीत आधीच भरून ठेवलेली असते. पाइपातला दाब कायम आहे याचा अर्थ ‘सगळं ठीक, ब्रेक सोडून ठेव’. दाब उतरला याचा अर्थ ‘ब्रेक लाव’. पाइप इंजिनातून ड्रायव्हरनं रिकामा केला काय किंवा होज, म्हणजे दोन डब्यांमधली रबरी नळी, तुटून आपोआप रिकामा झाला काय, डब्याला दोन्हींतला फरक कळत नाही. तो ब्रेक लावतो. जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ मध्ये काढलेल्या पहिल्या ब्रेकमध्ये पाइपातली हवाच थेट सिलिंडरमध्ये जायची, त्यामुळे पाइप तुटला की ब्रेक गेला. तुम्ही सांगितलेल्या ऑइलच्या ब्रेकसारखंच. त्यानंतर तीन-चार वर्षांतच त्यानं ही उलटी रचना आणली आणि जगभरातल्या रेल्वे आजही त्याच तत्त्वावर धावतात.

आता डब्याखाली वाकून काय दिसतं ते बघू. जुन्या निळ्या आयसीएफ डब्याचं उदाहरण घेतो, कारण त्यात सगळं उघडं दिसतं. ब्रेक पाइप, म्हणजे बीपी, त्यात ५ किलो दाब असतो. आमच्या भाषेत किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर तेवढे किलो. फीड पाइप, म्हणजे एफपी, त्यात ६ किलो. बीपीला हिरवा रंग, एफपीला पांढरा. २०० लिटरची मोठी टाकी ती ऑक्झिलरी रिझर्व्हॉयर, म्हणजे एआर. तिच्या मानानं अगदी छोटी, साधारण ६ लिटरची, ती कंट्रोल रिझर्व्हॉयर, म्हणजे सीआर. या सगळ्यांच्या मध्ये बसलेला ओतीव लोखंडी ठोकळा म्हणजे डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व्ह. आम्ही डीव्ही म्हणतो. डब्याचा मेंदू तोच.

डीव्हीच्या पोटात रबरी पडदा आहे. त्याच्या एका बाजूला सीआरचा दाब, दुसऱ्या बाजूला बीपीचा. गाडीच्या पाइपात हवा पुरी भरलेली असताना दोन्हीकडे ५ किलो, म्हणून पडदा मधोमध शांत. बीपी उतरायला लागली की सीआरला जाणारी वाट आधी बंद होते. सीआरमध्ये ५ किलो तसेच कोंडले जातात आणि ‘मूळ दाब किती होता’ याची आठवण म्हणून राहतात. मग सीआरचा दाब वरचढ ठरतो, पडदा सरकतो, त्याला जोडलेली दांडी व्हॉल्व्ह उघडते आणि एआरमधली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये शिरते. सिलिंडरचा दाब वाढता वाढता त्याच दांडीला उलटा रेटा देतो, आणि बीपी जेवढी उतरली त्या प्रमाणात दाब झाला की व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. म्हणजे ब्रेक लागतो तोही मापात.

माप असं: बीपी साधारण दीड किलो उतरवली की सिलिंडरमध्ये पूर्ण ३.८ किलो येतात. म्हणजे अडीचपट. अर्धा किलो उतरवली तर सव्वा किलोच्या आसपास. बीपी परत चढवत गेलात की सिलिंडर त्याच प्रमाणात रिकामा होतो. यालाच ग्रॅज्युएटेड रिलीज म्हणतात.

३.८ किलो हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. पण ३५५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ जवळपास ९९० चौरस सेंटिमीटर भरतं. गुणाकार करा, ३,७०० किलोच्या वर रेटा. तोही एका सिलिंडरचा, आणि पुढे लिव्हर लावून तो आणखी वाढवलेला. असे दोन सिलिंडर एका डब्याला. नंतरच्या डब्यांत बोगीवरच (बोगी म्हणजे डबा नव्हे, डब्याखालची चाकांची चौकट) २०३ मिलिमीटरचे चार छोटे सिलिंडर बसवले आहेत.

दोन पाइपांचं उत्तर यातच आहे. एआर भरायचं काम एफपीकडे दिलं की बीपीला निरोप्याचं काम मोकळेपणानं करता येतं. ब्रेक लागलेला असतानाही एआर भरत राहतो आणि ब्रेक सोडताना बीपी लवकर चढते. मालगाड्या बहुतेक एकाच पाइपवर चालतात, त्यांचा एआर बीपीतूनच भरतो. प्रवासी गाडीची एफपी वाटेत निकामी झाली तर तिलाही एका पाइपवर नेता येतं.

एक शंका तुम्हाला पुढे येईलच, म्हणून आत्ताच लिहितो. पाइपांची एवढी जोडणी म्हटल्यावर थोडी गळती असणारच. मग दर वेळी ब्रेक का लागत नाही? तर डीव्हीला हळू उतरण्यातला आणि झटक्यानं उतरण्यातला फरक कळतो. ६० सेकंदांत ०.३ किलो उतरली तर ब्रेक लागता कामा नये, आणि ६ सेकंदांत ०.६ किलो उतरली तर लागलाच पाहिजे. या दोन्ही कसोट्या प्रत्येक डीव्हीवर घेतल्या जातात. तरी गळतीला मर्यादा आहेच. गाडीत हवा भरून पुरवठा बंद केल्यावर प्रवासी गाडीत मिनिटाला ०.२ किलोपेक्षा जास्त उतार चालत नाही.

---

लोकोलॉबी यांचं उत्तर

पिटलाइन भाऊंनी डब्याचं छान सांगितलं. इंजिनाच्या बाजूनं भर घालतो.

इंजिनावरचा कॉम्प्रेसर मुख्य टाक्यांत ८ ते १० किलो दाब राखतो. तिथून उतरवून बीपीला ५ आणि एफपीला ६. लोको पायलटच्या हातात दोन ब्रेक असतात. एक सगळ्या गाडीचा, बऱ्याच इंजिनांवर त्याला ए-९ म्हणतात, आणि दुसरा फक्त इंजिनाचा, एसए-९. ए-९ चा दांडा पहिल्या खाचेत नेला की बीपी ०.५ ते ०.८ किलोनं उतरते. फुल सर्व्हिसला दीड किलोच्या आसपास. इमर्जन्सीला बीपी थेट शून्यावर. शून्यावर नेल्यानं सिलिंडरमधला दाब ३.८ च्या वर जात नाही, तो फक्त लवकर येतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

निरोपाचा वेग ताशी नव्हे, सेकंदाला मोजायचा. हवेतून दाबाची लाट आवाजापेक्षा वेगानं जाऊ शकत नाही. पाइपात ती सेकंदाला साधारण २५० मीटर धरा. २२ एलएचबी, म्हणजे आयसीएफनंतरच्या नव्या बनावटीच्या, डब्यांची गाडी ५२८ मीटरच्या आसपास भरते, म्हणजे शेवटच्या डब्याला दोनेक सेकंद उशिरा कळतं. ५८ बॉक्सएन वॅगनची, म्हणजे उघड्या मालडब्यांची, मालगाडी ६२० मीटर, तिला अडीच सेकंद.

म्हणूनच मालगाडीचा सिलिंडर मुद्दाम सावकाश भरतात. प्रवासी डब्याचा ब्रेक ३ ते ५ सेकंदांत चढतो आणि १५ ते २० सेकंदांत सुटतो. मालगाडीत चढायला १८ ते ३० सेकंद, सुटायला ४५ ते ६०. पुढच्या वॅगनांनी एकदम पकडलं तर मागचा सगळा भार त्यांच्यावर येऊन आदळेल, आणि नंतर ताण बसला की डबे जोडणारा कपलर तुटेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. होज सुटला, तुटला, रुळावर आलेल्या जनावराला धडक बसून फाटला, तर गाडी थांबते. खोळंबा होतो, पण माणसं सुरक्षित राहतात. खरा धोका गळतीत नाही, मध्येच बंद राहिलेल्या अँगल कॉकमध्ये आहे. प्रत्येक डब्याच्या टोकाला पाइपावर ही तोटी असते. दांडा पाइपाच्या रेषेत असेल तर उघडी, आडवा असेल तर बंद. समजा सातव्या डब्याची बीपीची तोटी बंद राहिली. इंजिनाच्या गेजवर ५ किलो, सगळं झकास. लोको पायलटनं ब्रेक लावला की पुढचे सात डबे पकडतात. मागच्या डब्यांपर्यंत निरोपच जात नाही, त्यांची बीपी ५ वरच कोंडलेली. ते सोडलेल्या ब्रेकनिशी पुढच्यांना ढकलत राहतात.

त्यासाठीच सुटण्याआधी कंटिन्युइटी टेस्ट असते. लोको पायलट बीपी उतरवतो आणि ट्रेन मॅनेजर, म्हणजे पूर्वीचा गार्ड, मागच्या डब्यातल्या गेजवर काटा उतरतो का ते बघतो. मग ट्रेन मॅनेजर आपल्या व्हॉल्व्हनं थोडी बीपी सोडतो आणि इंजिनात काटा हलला पाहिजे. नुसतं ‘मागं ४.८ आहे’ हे पुरेसं नाही. कोंडलेली हवासुद्धा ४.८ च दाखवते. काटा हलणं महत्त्वाचं.

नांदेडहून मुंबईला जाणाऱ्या गाड्या इगतपुरीनंतर घाट उतरतात, तिथं चढ-उतार ३७ ला १ आहे. ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर खाली. दोन पाइपांची प्रवासी गाडी तिथं एफपीमुळे सुखात असते. एका पाइपवरच्या मालगाडीत मात्र पुन्हा पुन्हा लाव-सोड केली तर एआर भरायला वेळच मिळत नाही, आणि दर खेपेला ताकद कमी होत जाते. म्हणून उतारावर इंजिनाच्या मोटारींचा विद्युत ब्रेक मुख्य ठेवायचा, आणि हवेचा ब्रेक जपून वापरायचा.

---

पूर्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. अडीचपटीचा हिशेब वहीत लिहून घेतला. साखळी ओढली की काय होतं मग? तीही बीपी शून्यावर नेते का? आणि ते डब्याखाली ओढणं राहिलंच.

---

गंगाखेडरोड यांचं उत्तर

साखळीचं आधी. आयसीएफ डब्यात साखळी ओढली की डब्याच्या टोकाच्या भिंतीवरचा छोटा व्हॉल्व्ह उघडतो, तो खालच्या मोठ्या व्हॉल्व्हला चालना देतो आणि बीपी ४ मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर जाऊ लागते. एवढ्या छिद्रातून बीपी शून्यावर जात नाही, इंजिन ती भरतच असतं. पण गेजचा काटा पडतो, हवेचा प्रवाह वाढल्याचं दिसतं, आणि लोको पायलट स्वतः ब्रेक लावून गाडी उभी करतो. एलएचबीत मात्र हवा मोठ्या वाटेनं जाते, बीपी झपाट्यानं पडते आणि गाडी जोरात पकडते. साखळी कुठल्या डब्यात ओढली ते बाहेरच्या लाल खुणेवरून आणि सुंऽऽ अशा आवाजावरून सापडतं. तिथं व्हॉल्व्ह रिसेट केल्याशिवाय बीपी पुरी चढत नाही. म्हणून साखळीनंतर गाडी लगेच हलत नाही.

आता डब्याखाली ओढण्याबद्दल. सीआर म्हणजे ‘मूळ दाबाची आठवण’ असं वर आलंय, ते धरून चला. जुन्या इंजिनाचं गेज किंवा सेटिंग थोडं चढं होतं, समजा बीपी प्रत्यक्षात ५.२ होती. सगळ्या सीआर ५.२ ला भरल्या. इंजिन काढताना बीपी शून्य झाली, ब्रेक लागले, ५.२ आत कोंडले गेले. नवीन इंजिन प्रत्यक्षात ४.९ देतंय. आता डीव्हीच्या दृष्टीनं बीपी अजूनही ०.३ नं कमीच आहे. म्हणजे ब्रेक पुरता सोडायचा नाही. अडीचपटीनं पाऊण किलोच्या आसपास दाब सिलिंडरमध्ये राहतो. ब्रेकचे ब्लॉक, म्हणजे चाकावर दाबले जाणारे ठोकळे, चाकाला टेकून राहतात. इंजिनातून कितीही ‘रिलीज’ केलं तरी ते सुटणार नाहीत, कारण चूक इंजिनात नाही, डब्याच्या आठवणीत आहे.

उपाय म्हणजे डीव्हीच्या खालचा रिलीज दांडा. डब्याच्या दोन्ही कडांना त्याची तार आणलेली असते. ती थोडी ओढली की सीआरमधली जादा हवा फस्सकन निघते, सीआर नव्या बीपीशी जुळते आणि ब्रेक सुटतो. तुम्ही ऐकता तो आवाज हाच. तार ओढून पुढं जायचं नाही. ब्लॉक हातानं किंवा पायानं हलवून बघायचा. खुळखुळला तर सुटला.

इंजिन जोडतानाचा क्रमही लिहून ठेवा, परीक्षेत येवो न येवो. आधी कपलिंग. मग होज जोडायच्या आधी इंजिनाची तोटी क्षणभर उघडून पाइपातलं पाणी आणि धूळ उडवून टाकायची. आपल्याकडं मे महिन्यात धूळ आणि पावसाळ्यात ओलावा, दोन्ही डीव्हीच्या बारीक छिद्रांचे वैरी. मग बीपीला बीपी, एफपीला एफपी. त्यांचे जोड मुद्दाम असे केलेत की एकमेकांत बसू नयेत. मग आधी इंजिनाकडची तोटी, नंतर डब्याकडची, सावकाश. सोडवताना आधी दोन्ही तोट्या बंद, मगच होजला हात. भरलेला होज तसाच सोडवला तर तो चाबकासारखा फिरतो आणि मनगट मोडतो.

धुराचं: याला ब्रेक बाइंडिंग म्हणतात. सीआर जादा भरलेली हे एक कारण झालं. दुसरं, डीव्हीचा एक्झॉस्ट, म्हणजे सिलिंडरची हवा बाहेर सोडायची वाट, कचऱ्यानं चोंदलेला. तिसरं, लिव्हर किंवा पिन अडकलेली, किंवा ब्लॉक आणि चाकातलं अंतर आपोआप राखणारा स्लॅक अॅडजस्टर चुकीच्या मापावर. चौथं, आणि याची शंका शेवटी येते, हँड ब्रेक कुणीतरी लावून ठेवलेला. घासून ब्लॉक तापतो, जळका वास येतो, रात्री ठिणग्या दिसतात, चाकाच्या कडेला निळसर झाक चढते. चाक पूर्ण अडकून घसटत गेलं तर एका जागी सपाट होतं. मग दर फेऱ्याला ठक ठक ठक. प्रवासी डब्यात ५० मिलिमीटरपेक्षा लांब सपाटी चालत नाही, कारण तो हातोडा दर फेऱ्याला रुळावर आणि बेअरिंगवर पडतो.

वाटेत असा डबा सापडला तर आधी तार ओढून बघतात. सुटला नाही तर डीव्हीचा दांडा उभ्याचा आडवा करून तो डबा ब्रेकमधून वेगळा काढतात, पुन्हा तार ओढून सिलिंडर रिकामा करतात, ब्लॉक हलतात का ते तपासतात आणि लोको पायलट व ट्रेन मॅनेजर दोघांनाही सांगतात. बीपी त्या डब्यातून पुढं जातच राहते, फक्त त्या डब्याचा ब्रेक बाद. २४ डब्यांचे ४८ सिलिंडर धरले तर एक डबा गेल्यावर ४६ उरतात, म्हणजे ९५.८ टक्के ब्रेक पॉवर. सुटणाऱ्या स्थानकावर प्रवासी गाडीला १०० टक्केच लागते, वाटेत ९० पर्यंत चालते.

---

हरंगुळ_एलएचबी

वरचं बरंचसं आयसीएफचं झालं. लातूरच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यामुळे आपल्या पोरांना नवीन डब्यांबद्दलच जास्त विचारलं जाईल, म्हणून थोडक्यात फरक.

एलएचबीत ब्लॉक चाकाला घासतच नाही. प्रत्येक आसावर दोन डिस्क आहेत, ६४० मिलिमीटर व्यासाच्या, आणि पॅड त्यांना दोन्हीकडून चिमटतात. सिलिंडरचा दाब ३.८ ऐवजी ३ किलो. व्हॉल्व्ह सगळे डब्याखाली एका ब्रेक पॅनेलवर एकत्र. दोन्ही बाजूंना छोट्या खिडक्या आहेत, हिरवं म्हणजे सुटलेला, लाल म्हणजे लागलेला. वाकून बघायची गरज नाही. एकाच बोगीचा ब्रेक वेगळा करता येतो, सगळा डबा बाद करावा लागत नाही.

पावसात थांबताना एलएचबीखालून फस्-फस्-फस् असा तुटक आवाज येतो. तो बिघाड नाही. प्रत्येक आसावर वेग मोजणारा सेन्सर आहे. एक आस बाकीच्यांपेक्षा हळू फिरायला लागला, म्हणजे चाक घसरायला लागलं, की त्याच आसाचा दाब डम्प व्हॉल्व्ह क्षणभर सोडतो आणि पुन्हा भरतो. गंगाखेडरोड यांनी सांगितलेली ठक ठक यामुळे टळते.

---

पूर्णाकाठ

एक शेवटचा. ९० टक्क्यांपर्यंत चालतं म्हटलं, तर बाद झालेला डबा गाडीत कुठंही असला तर चालतो का?

---

पिटलाइन

नाही ताई, शेवटचा डबा चालत नाही. कपलिंग तुटून गाडीचे दोन भाग झाले की होजही तुटतो, दोन्हीकडची बीपी शून्य होते आणि दोन्ही भाग आपापल्या एआरवर थांबतात. पण शेवटचा एकटाच डबा सुटला आणि त्याचाच डीव्ही आडवा असेल, तर त्याला थांबवायला काहीच उरत नाही. चढावर असेल तर तो मागं घरंगळेल. म्हणून शेवटच्या डब्याचा ब्रेक चालू हवाच. नसेल तर तो डबा काढतात, नाहीतर जागा बदलून चालू ब्रेकचा डबा मागं घेतात.